जीआरईचे अवघड शब्द : अर्थ पाठ आहे, पण वाक्यात आला की गाडी अडते

केतकी_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी सांगलीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, मग इंजिनीयरिंग, आता पुण्यात नोकरी. नोव्हेंबरमध्ये जीआरई, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणाच्या अॅडमिशनसाठीची परीक्षा, द्यायचीय. क्वांटचं, म्हणजे गणिताचं टेन्शन नाही पण व्हर्बलने, म्हणजे इंग्रजीच्या भागाने जीव खाल्लाय. क्लासवाल्यांनी शब्दांची जाडजूड यादी दिलीय, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ, बास. कंपनीच्या बसमध्ये रोज पाठ करते, रूममेटने मधूनच कुठलाही शब्द विचारला तर अर्थ धडाधड सांगते, पण प्रॅक्टिस टेस्टमध्ये तोच शब्द आला की काही केल्या कळत नाही हा इथे बसतो की नाही.

उदाहरण देते. मिटिगेट, अलीव्हिएट, अस्वेज, अले, मॉलिफाय, प्लॅकेट. माझ्या यादीत या सगळ्यांपुढे 'कमी करणे, शांत करणे' एवढंच लिहिलंय. मग पर्यायांमध्ये यातले दोन-तीन एकदम आले की मी अक्षरशः अंदाजपंचे टिक करते. बरं, हे सगळे शब्द एकच असतील तर इंग्रजांनी इतके ठेवले कशाला?

तर ज्यांनी परीक्षा दिलीय किंवा ज्यांचा इंग्रजीशी रोजचा संबंध आहे त्यांनी सांगा, असे शब्द डोक्यात बसवायचे कसे? आणि हो, इंग्रजी पेपर वाच हे सगळ्यांनी सांगून झालंय, नेमकं काय आणि कसं वाचायचं ते सांगा.

खडूस_सदाशिव

पाठ करा, पेपर द्या, विसरून जा. नोव्हेंबर काही लांब नाही. आमचा मॅनेजर अमेरिकन आहे, त्याच्या तोंडून आजवर 'अस्वेज' ऐकलेलं नाही, तो सगळ्याला 'फिक्स इट' म्हणतो आणि त्याचं उत्तम चाललंय. वाघिणीचं दूध वगैरे म्हणून उगाच भक्तिभावाने प्यायची गरज नाही, अॅडमिशनपुरतं घोटभर प्यायचं.

रिकामटेकडा

बसलोय पॉपकॉर्न घेऊन.

बंड्या_सिअॅटलकर

केतकी, तुझ्या क्लासवाल्यांची यादी बहुतेक आमच्या काळातली आहे. तेव्हा अँटोनिम्स आणि अॅनालॉजीज असायचे, म्हणजे नुसता एक शब्द द्यायचे आणि विरुद्धार्थी शोधा, किंवा शब्दांची एक जोडी द्यायचे आणि तशाच नात्याची दुसरी जोडी शोधा, त्याला पाठांतर लागायचंच आणि आम्ही हॉस्टेलवर तीन-साडेतीन हजार शब्दांची यादी घोकायचो. ऑगस्ट २०११ मध्ये पेपर बदलला, हे दोन्ही प्रकार काढून टाकले. आता शब्द विचारतात ते फक्त वाक्यात, टेक्स्ट कम्प्लीशन म्हणजे रिकाम्या जागा भरा, आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्स म्हणजे एकाच रिकाम्या जागेसाठी सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडा. सप्टेंबर २०२३ पासून तर पेपरच छोटा केलाय, आधी पावणेचार तासांच्या आसपास चालायचा तो आता दोन तासांच्या आत संपतो, व्हर्बलचे १२ आणि १५ असे मिळून फक्त २७ प्रश्न, त्यातले निम्म्याच्या आसपास उताऱ्यावरचे. म्हणजे हजारो शब्दांतले किती तुझ्या वाट्याला येणार याचा हिशोब कर.

परीक्षा बदलून इतकी वर्षं झाली तरी क्लासवाले तीच यादी झेरॉक्स करून विकतायत.

केतकी_कृष्णाकाठ

बंड्यादादा, यादी नवीन आहे असं म्हणून दिलीय हो. कव्हर नवीन आहे खरं.

नेत्रा_भाषांतरवाली

केतकी, तू दिलेले सहा शब्द फार चांगले आहेत, त्यांच्यावरच बोलूया. मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते त्यामुळे हे रोजचंच आहे.

तुझ्या यादीने काय केलं तर शब्दाचं लग्न कुणाशी लागतं तेच लिहिलं नाही. प्रत्येक शब्दाची सोयरीक ठरलेली असते. मिटिगेट कशाला करतात? धोक्याला, नुकसानाला, परिणामांना. पुराची झळ कमी बसावी म्हणून आधीच काही केलं तर ते मिटिगेट. अलीव्हिएट कशाला? वेदना, गरिबी, त्रास, जे आधीच सोसणं चाललंय त्याला. अले हा जवळपास भीती, शंका, संशय यांच्याच घरी दिलेला. अस्वेज भूक, अपराधी भावना, दुःख यांच्याबरोबर जातो. आणि मॉलिफाय, प्लॅकेट हे दोन माणसाला करायचे, कुणीतरी चिडलाय आणि त्याची समजूत घालायचीय, तिथे. पूररेषेला कुणी प्लॅकेट करत नाही आणि रुसलेल्या सासूबाईंना कुणी मिटिगेट करत नाही.

आता हेच बघ, वाक्यात रिकाम्या जागेच्या पुढे 'संतापलेले भागधारक' असेल तर सहापैकी चार शब्द तिथल्या तिथे बाद. तुला अर्थ आठवायचीही गरज पडत नाही.

आपण मराठीतही हेच करतो, फक्त कुणी शिकवलेलं नसतं. राग निवतो, ताप उतरतो, पाऊस ओसरतो, दुखणं थांबतं, सूज उतरते, गर्दी पांगते. यादी करायला बसलो तर सगळ्यांपुढे 'कमी होणे' लिहू आणि मग एखादा परदेशी माणूस म्हणेल 'माझा पाऊस निवला'.

त्यामुळे वहीत शब्दापुढे अर्थ लिहू नकोस, त्याचे सोबती लिही. इंग्रजीत याला कोलोकेशन म्हणतात, त्याच्या वेगळ्या डिक्शनऱ्यासुद्धा मिळतात.

शमाआत्या

नेत्रा, 'सासूबाईंना मिटिगेट' वाचून हसू आवरेना. खरं सांगायचं तर काही सासवांना तेच लागतं.

झेडपी_मास्तर_निवृत्त

धागा आवडला. मी ३० वर्षांहून जास्त काळ इंग्रजी शिकवलं, सातारा जिल्ह्यात. आमच्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीत ए-बी-सी-डीची पाटी हातात यायची, त्यामुळे केतकीबाळ, तुझी अडचण मला नवी नाही.

नेत्राताईंनी सांगितलं ते बरोबरच आहे, मी त्यात मुळांची भर घालतो. मराठी माणसाला इंग्रजीच्या वरच्या थरातले शब्द खरं तर जड जाऊ नयेत कारण ते बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून आलेत आणि लॅटिन-ग्रीक ही आपल्या संस्कृतची चुलत भावंडं. उदाहरणार्थ आपला 'ज्ञ', जाणणे, ज्ञान. तोच तिकडे 'ग्नो' होऊन बसलाय : डायग्नोसिस, प्रॉग्नोसिस, अॅग्नोस्टिक, इग्नोरंट, कॉग्निझंट. शेवटचा शब्द पुण्यात सगळ्यांना कंपनीचं नाव म्हणून माहीत असतो, अर्थ विचारा, शंभरातले किती सांगतील देव जाणे. कॉग्निझंट म्हणजे जाणीव असलेला. 'मृ' घ्या, मरण. तिकडे मॉर्टल, मॉर्ग नव्हे हं, तो वेगळा, पण मॉर्टल, मॉर्टिफाय आणि मॉरिबंड, म्हणजे घरघर लागलेला, संस्थेबद्दल सहसा म्हणतात. 'नव' घ्या : नॉव्हिस, रिनोव्हेट, इनोव्हेशन. 'पद' घ्या : पेडेस्ट्रियन म्हणजे पायी चालणारा, इम्पीड म्हणजे पायात अडकणे, आणि एक्स्पेडाइट म्हणजे अडकलेला पाय मोकळा करणे.

माझा सगळ्यात आवडता सब्ज्युगेट, म्हणजे जिंकून अंकित करणे. बैलाच्या मानेवर ठेवतात ते जू, संस्कृत युग, लॅटिनमध्ये जुगम. सब म्हणजे खाली. हरलेल्या शत्रूला रोमन लोक खरोखरच जुवाखालून वाकून जायला लावत. वर्गात हे सांगितलं की शेतकऱ्यांची पोरं आयुष्यभर हा शब्द विसरत नसत, स्पेलिंग मात्र दरवेळी नवीन.

आणि ग्रह. जोव्हियल म्हणजे गुरूच्या प्रभावाखालचा, आनंदी. सॅटर्नाइन म्हणजे शनीचा, गंभीर आणि उदास. मर्क्युरियल बुधाचा, घडीत असा घडीत तसा. मार्शल मंगळाचा. ज्याच्या घरी दर शनिवारी मारुतीला तेल घालतात त्याला सॅटर्नाइन वेगळा शिकवावा लागतो का? तसंच शरीरातल्या रसांचं. आपल्याकडे वात-पित्त-कफ, त्यांच्याकडे चार : रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. रक्त जास्त तो सँग्विन, आशावादी. कफ जास्त तो फ्लेग्मॅटिक, थंड, कशाने न हलणारा. पित्त जास्त तो कॉलरिक, आणि आपणही म्हणतोच की पित्त खवळलं. काळं पित्त तो मेलंकली.

एक मूळ धरलं की दहा शब्द हाताला लागतात.

खडूस_सदाशिव

मास्तर, लेक्चर झकास, पण मुळं धरून मुलीला खड्ड्यात पाडाल. तुमच्या पद्धतीने 'एनर्व्हेट' सोडवा बघू. नर्व्ह दिसतेय, एनर्जीसारखा वास येतोय, सगळे म्हणतात उत्साह देणे. अर्थ आहे गळून जायला लावणे, बरोब्बर उलटा. 'नॉइसम'चा नॉइजशी संबंध नाही, तो घाणेरड्या वासाचा. 'रेस्टिव्ह' म्हणजे आरामात नव्हे, उलट बेचैन, आवरेनासा. 'मेरिट्रिशस'मध्ये मेरिट शोधत बसाल तर तो निघतो दिखाऊ, नुसता भपका. 'आउटरेज'मध्ये आउटही नाही आणि रेजही नाही, अख्खा शब्द फ्रेंचमधून आलाय. पेपर काढणाऱ्यांना हे सगळं माहीत असतं आणि नेमके हेच शब्द ते पर्यायात टाकतात.

त्यापेक्षा पाठांतर प्रामाणिक असतं.

झेडपी_मास्तर_निवृत्त

खडूसराव, तुम्ही पाचही शब्द नेमके निवडलेत म्हणजे तुम्ही घोटभर नव्हे, तांब्याभर प्यालेले दिसताय.

मुळं शब्द ओळखायला वापरायची असं मी कुठे म्हटलं? अर्थ आधी डिक्शनरीत बघायचा, मग तो टिकावा म्हणून मुळाला बांधायचा. अनोळखी शब्द दिसला आणि मूळ बघून अर्थ ठोकून दिला की तुम्ही म्हणता तसा खड्डा आहेच. शिवाय मेरिट्रिशसचं खरं मूळ लॅटिनमधल्या वेश्या या शब्दात आहे, ते कळल्यावर 'दिखाऊ भपका' कसा विसराल? तुमच्याच उदाहरणाने माझं काम केलं.

एनर्व्हेटही तसाच. 'ए' म्हणजे बाहेर. नस काढून घेतली. माणूस गळणारच.

रिकामटेकडा

मास्तर १, खडूस ०.

खडूस_सदाशिव

०.५ तरी द्या. 'आउटरेज' माझाच आहे.

पेठेतला_अभ्यासू

मी स्पर्धा परीक्षावाला, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे सगळ्या लायब्ररीत एकच सीन असतो, सकाळी 'हिंदू'चं संपादकीय उघडायचं, अवघड शब्द पिवळ्या हायलायटरने रंगवायचे, बाजूला पेन्सिलने अर्थ लिहायचा, पान इतकं पिवळं होतं की हळदी समारंभातून आल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी नवीन पेपर, कालचं पान कोण उघडतंय. यूपीएससी मेन्सचा इंग्रजीचा सक्तीचा पेपर ३०० मार्कांचा असतो पण तो फक्त २५ टक्के मिळवून पास व्हायचा असतो, तिथे कुणी मेरिट्रिशस विचारत नाही, सारांश आणि निबंध साध्या इंग्रजीत नीट लिहिता आला की झालं. सीडीएसला, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षेला, आणि बँकेला मात्र शब्द लागतात, तिथे समानार्थी-विरुद्धार्थी अजून विचारतात.

म्हणून केतकी, आधी परीक्षा काय मागते ते बघ. माझ्या रूममध्ये एकजण बँकेची तयारी जीआरईच्या पुस्तकातून करत होता, भलतंच ओझं वाहिलं बिचाऱ्याने.

अवांतर : मास्तर, तुमची मुळांची पोस्ट कॉपी करून ग्रुपवर टाकली तर चालेल ना?

झेडपी_मास्तर_निवृत्त

खुशाल टाका.

आकडेमोड्या

मी सॉफ्टवेअरवाला, भाषेचा माणूस नाही, पण विसरण्यावर थोडं बोलू शकतो. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरली ते मोजायचं, १८८५ साली ते छापलं. सगळ्यात जास्त गळती पहिल्या काही तासांत, नंतर वेग कमी होत जातो. म्हणजे आज रात्री पन्नास शब्द घोकून आठ दिवसांनी उघडलेस तर जवळपास पहिल्यापासून सुरुवात. त्यापेक्षा तेच शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने, असं अंतर वाढवत न्यायचं. १९७०च्या दशकात लाइटनर नावाच्या माणसाने यासाठी पुठ्ठ्याच्या डब्याचे कप्पे केले, कार्ड आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या. २००६ पासून हेच काम आंकी नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं.

आता महत्त्वाचं. कार्डवर एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिलास तर बसमध्ये जे करतेस तेच मोबाइलवर करशील. समोरच्या बाजूला अख्खं वाक्य आणि त्यात शब्दाच्या जागी रिकामी जागा, मागे शब्द. मग सोबती बघूनच शब्द आठवावा लागतो, नेत्राताई म्हणतायत तेच. आणि वाक्य तू स्वतः जिथे वाचलंस तिथलं घे, दुसऱ्याचे तयार डेक उतरवू नकोस. ते हजार-हजार कार्डांचे डेक दोन दिवस उत्साहाने चालतात, मग एक दिवस राहिलं की साठलेला आकडा बघूनच अॅप उघडवत नाही.

अजून एक शंका आहे मला. तुझा अडथळा अवघड शब्द नसून मधले शब्द असतील. न्यूझीलंडमध्ये कॉक्सहेड बाईंनी २००० साली विद्यापीठीय इंग्रजीत सारख्या येणाऱ्या शब्दांची यादी केली, ५७० शब्दकुळं फक्त, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ. त्यात डिराइव्ह, कन्स्ट्रेन, हायपॉथिसिस असे शब्द आहेत, आणि अगदी शेवटच्या गटात ऑल्बीइट आणि नॉटविदस्टँडिंग. हे शब्द यादीत बघून 'हे तर येतंच' म्हणत आपण पुढे जातो. पण टेक्स्ट कम्प्लीशनमध्ये वाक्य कुठे वळलं ते हेच सांगतात. ऑल्बीइट दिसला की पुढे थोडी माघार आहे. तो निसटला की रिकाम्या जागेत उलटा शब्द भरला जातो आणि आपण म्हणतो व्होकॅब कच्चं आहे.

बंड्या_सिअॅटलकर

आकडेमोड्या +१. आणि मी त्यात भर घालतो ती सोप्या शब्दांची. हे कुणीच सांगत नाही.

जीआरईला खरा त्रास देतात ते पाचवीत शिकलेले शब्द, कारण ते दुसऱ्याच अर्थाने येतात. क्वालिफाइड घे. आपल्याला वाटतं पात्र, शिकलेला. 'अध्यक्षांनी अहवालाचं क्वालिफाइड कौतुक केलं' म्हणजे हातचं राखून कौतुक केलं, अटी घालून. चेक म्हणजे तपासणे, पण 'महागाईला चेक' म्हणजे आळा. वॉन्ट म्हणजे हवं असणे, पण 'फॉर वॉन्ट ऑफ' म्हणजे अभावी. फ्लॅग म्हणजे झेंडा, पण उत्साह फ्लॅग होतो म्हणजे ओसरतो. प्लॅस्टिक म्हणजे बादली नव्हे, हवा तसा आकार घेणारं. पेडेस्ट्रियन मास्तरांनी वर पायी चालणारा म्हणून सांगितला, तोच एखाद्या कादंबरीबद्दल म्हटला की अर्थ होतो रटाळ, सामान्य. अॅप्रोप्रिएट क्रियापद म्हणून आला की लाटणे. सँक्शन तर दोन्हीकडून बोलतो, मंजुरीही आणि निर्बंधही.

अवघड शब्द दिसला की माणूस सावध होतो. चेक दिसला की कोण थांबतंय?

केतकी_कृष्णाकाठ

अरे देवा. क्वालिफाइडवाला प्रश्न मला परवाच्या टेस्टमध्ये होता. मी तो पर्याय बघितलाही नाही, म्हटलं इथे डिग्रीचा काय संबंध.

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आता एकच सांगा, वाचायचं काय? संपादकीयाचा मला खरंच कंटाळा येतो, विषयच माहीत नसतो, त्यात शब्द अवघड, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत डोळे मिटतात.

शमाआत्या

बाळ, तुला क्रिकेट आवडतं का? आवडत असेल तर मॅच आधी बघ आणि दुसऱ्या दिवशी त्याच मॅचचं वर्णन इंग्रजीत वाच, एखाद्या चांगल्या क्रिकेट साइटवर किंवा इंग्लंडच्या पेपरात. काय झालं ते तुला आधीच माहीत असतं त्यामुळे शब्दाचा अर्थ आपोआप सुटतो. एखादा बोलर दहा ओव्हर टाकून पंचवीस रन देतो, त्याला लिहितात मायझर्ली स्पेल. सेट झालेला बॅट्समन उगाच पुढे सरसावून विकेट फेकतो, त्याला प्रॉफ्लिगेट, उधळ्या. कुणी सहा तास एका बाजूने उभा राहतो, दगडासारखा, अंगावर बॉल घेतो, तो स्टोइक. कोच पत्रकारांना एका शब्दात उत्तर देतो तो लकॉनिक. हे लोक बॉलपेक्षा शब्दच जास्त फिरवतात. मी टेस्ट मॅचच्या वर्णनांवर इंग्रजी शिकले, आमच्या वेळी रेडिओ होता आणि दुसऱ्या दिवशी पेपर. नातू म्हणतो आज्जी तू कॉमेंटेटरसारखी बोलतेस.

क्रिकेट नको असेल तर स्वयंपाकाचं वाच, सिनेमाची परीक्षणं वाच. पण जे आधीच कळतं त्यातलं वाच.

नेत्रा_भाषांतरवाली

शमाआत्या, तुम्हाला दंडवत. यापेक्षा बरा सल्ला कुठल्याही क्लासात मिळायचा नाही.

पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचेच एक अभ्यासक आहेत, त्यांनी २००६ मध्ये मांडलंय की इंग्रजी कादंबरी किंवा पेपर डिक्शनरीशिवाय वाचायचा तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, म्हणजे शंभरातले ९८ शब्द ओळखीचे. तेवढे नसतील तर अंदाज बांधायला आधारच उरत नाही, आणि केतकीचे डोळे मिटतात ते त्यामुळे, आळसामुळे नव्हे. विषय ओळखीचा असला की ती उणीव बरीचशी भरून निघते.

खडूस_सदाशिव

हे सगळं छान आहे पण नोव्हेंबर विसरताय सगळे. नऊ हजार शब्दकुळं आणि टेस्ट क्रिकेट, पोरगी पेपर देणार कधी? दोन-अडीच महिन्यांत वाचनाने शब्द वाढत नाहीत, फार तर वाचनाची सवय लागते. माझं ऐक, यादी फेकू नकोस, तिला कात्री लाव. जीआरईत वारंवार येणारे म्हणून हजारेक शब्द सगळीकडे सांगतात तेवढेच ठेव, बाकीच्यांना रामराम. त्यांची आंकीवर वाक्यासकट कार्डं कर, एकसारख्या अर्थाचे शब्द एकत्र करून नेत्राताईंसारखे सोबती लिही, आणि रोज थोडे खरे प्रश्न सोडव. क्रिकेट रविवारी.

रिकामटेकडा

खडूसरावांनी पाठ करा-विसरा वरून आंकीवर उडी मारली, कुणी नोंद घेतली का?

खडूस_सदाशिव

पाठच करायला सांगतोय, फक्त नीट.

झेडपी_मास्तर_निवृत्त

खडूसरावांशी सहमत, लिहून ठेवा. केतकी, एक प्रश्न देतो, सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचा, वाक्य मराठीत ठेवतो म्हणजे लक्ष शब्दावर राहील.

'खजिनदाराचा ___ स्वभाव साऱ्या गावाला खुपत होता, देवळातल्या समईचं तेलसुद्धा तो चमच्याने मोजून द्यायचा.'

पर्याय सहा : फ्रूगल, पार्सिमोनियस, जोव्हियल, थ्रिफ्टी, मायझर्ली, मर्क्युरियल. दोन निवडायचे, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच निघाला पाहिजे. एक बरोबर आणि एक चूक असेल तर मार्क शून्य.

केतकी_कृष्णाकाठ

सर, जोव्हियल आणि मर्क्युरियल गेले, गुरू आणि बुध :) उरले चार. फ्रूगल आणि थ्रिफ्टी यांची जोडी जमते, पार्सिमोनियस आणि मायझर्ली यांचीही जमते. माझ्या यादीत चारही शब्दांपुढे 'काटकसरी' आहे. पण 'खुपत होता' म्हणजे गावाला आवडत नव्हतं. म्हणून पार्सिमोनियस आणि मायझर्ली?

झेडपी_मास्तर_निवृत्त

शाब्बास. फ्रूगल-थ्रिफ्टी ही जोडी मुद्दाम टाकलेली असते, समानार्थी दिसली की पोरं झडप घालतात. ती काटकसर आहे, कौतुकाची. दुसरी जोडी कवडीचुंबकाची. वहीत प्रत्येक शब्दापुढे एक खूण कर, कौतुक असेल तर अधिक, टीका असेल तर उणे, आणि दोन्ही नसेल तर शून्य. तेवढ्याने अर्धे प्रश्न सुटतात.

केतकी_कृष्णाकाठ

पण सर, शमाआत्या म्हणाल्या मायझर्ली स्पेल म्हणजे बोलरचं कौतुक. मग उणे कसं लिहू?

रिकामटेकडा

आता कसं, मास्तर?

नेत्रा_भाषांतरवाली

केतकी, छान पकडलंस. शब्द उणेच आहे. बोलरने रन द्यायला हात आखडता घेणं हे त्याचं कामच, म्हणून टीकेचा शब्द तिथे गमतीने कौतुकाला वापरलाय. माणसाबद्दल, पैशांबद्दल आला की उणे, स्पेलबरोबर आला की अधिक. म्हणजे परत सोबतीच बघायचा. खूण शब्दाला करू नकोस, शब्द आणि सोबती मिळून जे झालं त्याला कर.

शमाआत्या

आणि बॅट्समन प्रॉफ्लिगेट झाला तर मात्र उणेच हो, तिथे काही गंमत नाही. आमच्याकडे टीव्हीसमोर त्याहून वाईट शब्द निघतात.

केतकी_कृष्णाकाठ

कळलं. क्लासच्या यादीतून आज 'कमी करणे'वाले सहा आणि 'काटकसरी'वाले चार वेगळे काढले, आता 'बडबड्या'वाले बघते, तिथेही लोक्वेशस, गॅरुलस, व्होल्युबल, व्हर्बोस अशी रांग लागलीय.

नेत्रा_भाषांतरवाली

व्हर्बोस माणसापेक्षा लिखाणाला जास्त लागतो, अहवाल, भाषण, ईमेल. गॅरुलसमध्ये कंटाळवाणी, निरर्थक बडबड आहे, बऱ्याचदा म्हाताऱ्यांबद्दल. व्होल्युबलमध्ये ओघ आहे, न अडखळता बोलणं, त्यात नेहमी टीका असतेच असं नाही. लोक्वेशस साधा बोलका. वाक्यं मात्र तूच शोध.

शमाआत्या

म्हाताऱ्यांबद्दल हे नोंदवून घेतलंय, नेत्रा.

पेठेतला_अभ्यासू

वाचनखूण साठवली. केतकी, वहीचं एखादं पान झालं की फोटो टाक ना, आमच्या ग्रुपवर मागतायत.

खडूस_सदाशिव

आणि पेपर झाला की स्कोअर टाक. कमी आला तर मास्तरांना जबाबदार धरू, चांगला आला तर कात्री माझी होती.